घोडबंदर ते तुर्भे: रस्त्यालगत राहणाऱ्यांचे धूर-धुळीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मला ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या माजिवडा, मानपाडा, कळवा, मुंब्रा, दिघा, तुर्भे इथल्या लोकांचे हवेबद्दल मेसेज येतात, बरेचसे रात्रीचे, घरात कुणाचा तरी खोकला थांबत नसतो तेव्हा. प्रश्न तेच तेच असतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला दमा आहे आणि आमची खिडकी घोडबंदर रोडवर उघडते, त्यामुळे हे सगळं शिकावं लागलं.

ट्रॅफिकच्या धुरात नेमकं असतं तरी काय?

डोळ्यांना दिसतो तो काळा धूर म्हणजे त्यातला थोडासाच भाग. जास्त त्रास देतात ते पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, आपला केस साधारण ५०-७० मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज करा. हे नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात. सोबत नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू, तो आपल्या रस्त्यांवर मुख्यतः डिझेलच्या गाड्यांमधून येतो आणि श्वासनलिका सुजवतो. आणि तिसरी गोष्ट जी लोक विसरतात ती म्हणजे धूळ: झिजलेले टायर, ब्रेक, खोदकामाची माती, डंपरमधून सांडलेलं डेब्रिज, हे सगळं चाकाखाली दळलं जातं आणि प्रत्येक गाडीबरोबर परत उडतं. त्यामुळे उद्या सगळ्या गाड्यांचा धूर बंद झाला तरी रस्ता झाडला नाही तर आपली हवा साफ होणार नाही.

प्रदूषण तर सगळ्या शहरातच आहे, मग रस्त्यालगतच्या लोकांनाच जास्त त्रास कसा?

कारण ते सगळीकडे सारखं पसरत नाही. मोठ्या रस्त्याच्या कडेला धुराचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, पहिल्या शे-दीडशे मीटरमध्येच ते झपाट्याने उतरतं आणि ट्रॅफिकचा वेगळा परिणाम साधारण ३०० ते ५०० मीटरपर्यंत जाणवतो असं धरतात. म्हणजे येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला राहणारा आणि कापूरबावडी नाक्यावर राहणारा एकाच महापालिकेत टॅक्स भरतात पण श्वास वेगवेगळ्या हवेत घेतात. आता बघा हायवेला अगदी चिकटून कोण राहतं: तुर्भ्याची वस्ती, दिघ्याच्या चाळी, कळवा-मुंब्र्याची दाटी. यातल्या बहुतेकांकडे चारचाकी नाही, एसी नाही, दारच रस्त्यावर उघडतं. धूर दुसऱ्याच्या मालाचा आणि नेब्युलायझर यांच्या घरात, मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

एवढे ट्रक आमच्याच भागातून का जातात?

भूगोल बघा. उरणच्या जेएनपीटी बंदरातून निघालेला कंटेनर गुजरातकडे जायचा असेल तर तो कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा करत घोडबंदर रोडने गायमुख घाट चढून अहमदाबाद हायवेला लागतो. भिवंडीच्या गोदामांचा माल वेगळा, नाशिक हायवेचा वेगळा, तुर्भ्यात एपीएमसी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी आणखी वेगळी. सगळ्यांची गाठ आपल्याच नाक्यांवर पडते. त्यात ट्रेलर सतत थांबत-निघत असेल किंवा घाटात लोड घेऊन पहिल्या गिअरमध्ये रडत असेल तर त्याच अंतराला कितीतरी जास्त डिझेल जळतं. २०१८ साली मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता तेव्हा तीच अवजड वाहनं ऐरोलीकडे वळली आणि तिकडच्या लोकांनी तोच अनुभव घेतला, म्हणजे नुसता रूट बदलला की धूर पत्ता बदलतो एवढंच. माल जितका रेल्वेवर जाईल आणि अवजड गाड्यांच्या वेळा जितक्या नीट पाळल्या जातील तितका खरा फरक. या वेळा बदलत राहतात, म्हणून वाहतूक पोलिसांची ताजी अधिसूचना बघूनच तक्रार करा.

खोकला आणि डोळे चुरचुरणं एवढंच ना, की आणखी काही होतं?

तेवढंच असतं तर हे पान लिहिलं नसतं. बारीक कण फुफ्फुसात सूज आणतात आणि तिचा परिणाम रक्तवाहिन्यांवर होतो, त्यामुळे हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार) वाढतो, मधुमेहाशीही संबंध सापडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं, त्याच गटात तंबाखू आहे. मुलांचं वेगळंच, ती भरभर श्वास घेतात, त्यांची उंची सायलेन्सरच्या जवळ आणि फुफ्फुसं अजून वाढत असतात, वाढ खुंटली तर ती भरून निघेलच असं नाही. उलटी बाजू आशेची आहे: कॅलिफोर्नियात मुलांवर अनेक वर्षं अभ्यास झाला, तिथली हवा सुधारत गेली तशी नंतरच्या मुलांची फुफ्फुसं जास्त चांगली वाढलेली दिसली. हवा सुधारली की शरीर दाद देतं.

गरोदरपणात वेगळी काळजी घ्यायची का?

हो. कमी वजनाचं बाळ आणि वेळेआधी प्रसूती या दोन्हींचा पीएम २.५ शी संबंध आहे. घर रस्त्यावर असेल तर झोपायची खोली मागच्या बाजूला घ्या, गर्दीच्या वेळी रिक्षाने लांबचा प्रवास टाळता आला तर टाळा, ट्रेनचा पर्याय असेल तर ट्रेन. माहेरी जायचंच असेल आणि माहेर मोकळ्या हवेत असेल तर जरा लवकर जा, सासूबाईंना हे पान दाखवा. बाकी मास्क आणि खिडक्यांचं खाली लिहिलंय.

ॲप म्हणतं हवा 'समाधानकारक' आणि आमच्या ग्रिलवर रोज काळा थर. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हा २४ तासांच्या सरासरीवर असतो आणि मॉनिटर जिथे बसवलाय तिथल्या हवेचा असतो. तुमच्या खिडकीतली रात्री ११ ची ट्रेलरची रांग त्यात विरघळून जाते. शिवाय ग्रिलवर बसते ती जाड काजळी आणि रस्त्याची धूळ, फुफ्फुसात जाणारे कण फडक्याला दिसतसुद्धा नाहीत. आणि 'समाधानकारक' हा शब्द आपल्या देशाच्या मर्यादेनुसार आहे: आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाची ४०, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली पातळी २४ तासांना १५ आणि वर्षाला ५. दमेकऱ्याने फक्त हिरवा रंग बघून निर्धास्त होऊ नये.

मी घरी मीटर आणला, तो ५५ दाखवतो, एक ॲप ९० आणि दुसरं १५०. वेड लागायची पाळी आली.

तिन्ही बरोबर असू शकतात! मीटर बहुतेक सरळ मायक्रोग्रॅम दाखवतो. ५५ मायक्रोग्रॅम पीएम २.५ म्हणजे भारतीय एक्यूआय जवळपास ९०, आणि अमेरिकन पद्धतीने जवळपास १५०. हवा तीच, पट्टी वेगळी. म्हणून ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकताना कुठलं ॲप ते लिहा, नाहीतर नुसती भांडणं होतात. आणि स्वस्त मीटर पावसाळ्यात किंवा दमट पहाटे जास्त आकडा दाखवतात, पाण्याचे थेंब त्यांना कण वाटतात. त्यापेक्षा एकाच जागी ठेवून सकाळ-दुपार-रात्र तुलना करा, त्यासाठी ते उत्तम.

दिवाळीनंतरच त्रास का वाढतो, गाड्या तर बारा महिने असतात?

पावसाळ्यात हवा धुतली जाते आणि समुद्रावरून जोराचा वारा असतो. थंडीत वारा पडतो, रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची गरम हवा झाकणासारखी बसते, धूर वर जायला वाटच नाही. खारे वारे दुपारी सुटले की जरा मोकळं वाटतं, रात्री मतलई वारे सुरू झाले की धूर परत आपल्यावर. त्यात फटाके, शेकोट्या, कचरा जाळणं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने आपल्याकडे सगळ्यात वाईट, औषधांचं नियोजन दसऱ्यालाच करा.

सकाळचा वॉक बंद करू का?

चालणं बंद करू नका, वेळ आणि जागा बदला. थंडीत पहाटे ५-६ ची हवा स्वच्छ असते हा गैरसमज आहे, वरचं झाकण तेव्हाच घट्ट असतं आणि रात्रीच्या अवजड गाड्या नुकत्याच गेलेल्या असतात. ऊन पडल्यावर निघा. सर्व्हिस रोडवर चालण्यापेक्षा आतल्या गल्लीतून, उपवन तलावाकडे, नवी मुंबईत सेक्टरच्या आतल्या उद्यानात. एक गल्ली आत गेलात तरी खूप फरक पडतो. धावणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं, धावताना आपण कितीतरी पट हवा आत ओढतो.

वरच्या मजल्यावर घर घेतलं तर सुटका होईल का?

थोडी होईल, पूर्ण नाही. वर जाल तसं धुराचं प्रमाण कमी होतं, पण थंडीतल्या धुरक्यात दहावा मजलाही त्यातच असतो. मजल्यापेक्षा घराचं तोंड कुठे आहे ते बघा, मागच्या बाजूचा दुसरा मजला कधी कधी समोरच्या सहाव्यापेक्षा बरा. आणि मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे फ्लायओव्हरच्या उंचीला येणारे मजले टाळा, तिथे गाडी अक्षरशः खिडकीसमोरून जाते. भाड्याचं घर बघताना रात्री १० नंतर एकदा जाऊन उभे राहा, ब्रोकर दुपारीच दाखवतो.

कुठला मास्क? रुमाल चालतो का?

रुमाल, ओढणी, कापडी मास्क यांनी जाड धूळ अडते, बारीक कण नाही. एन९५ घ्या, कडेने फट राहता कामा नये, दाढीवर तो नीट बसत नाही. ट्रॅफिकसाठी व्हॉल्व्हवाला चालतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा: तो वायू अडवत नाही, त्यामुळे नायट्रोजन डायऑक्साइड आत जाणारच, आणि लहान मुलांच्या चेहऱ्यावर मोठ्यांचा मास्क बसत नाही. मास्क हा बाइकवरून कळवा नाका पार करण्यापुरता उपाय आहे. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्यांसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

घरात हवा कशी चांगली ठेवायची? एअर प्युरिफायर घेऊ का?

आधी फुकटचं करा. रस्त्याकडच्या खिडक्या गर्दीच्या वेळी आणि रात्री ट्रेलर सुटतात तेव्हा बंद, दुपारी वारा असताना उघड्या, मागची खिडकी शक्यतो उघडी. केरसुणीने कोरडं झाडणं बंद, ओल्या फडक्याने पुसा. मच्छर कॉइल आणि अगरबत्ती बंद खोलीत लावू नका, कॉइलचा धूर हा पीएम २.५ च असतो. मच्छरदाणी लावा. फोडणी देताना एक्झॉस्ट चालू ठेवा.

प्युरिफायर परवडत असेल आणि घरात दमेकरी किंवा म्हातारं माणूस असेल तर एकाच बेडरूमसाठी घ्या. हेपा (अगदी बारीक कण अडवणारा) फिल्टर हवा, आयन किंवा ओझोन सोडणारा नको. १२० चौरस फुटांच्या खोलीला तासाला साधारण १७० घनमीटर हवा साफ करणारा पुरतो, खोक्यावर सीएडीआर म्हणून हा आकडा छापलेला असतो. खिडकी उघडी ठेवून प्युरिफायर लावणं म्हणजे पाणी गाळताना माठाला भोक. घरातल्या कुंड्यांनी हवा साफ होत नाही, लावा पण त्या भरवशावर राहू नका.

गूळ खाल्ला की धूळ निघून जाते म्हणतात, खरं का?

गूळ जातो अन्ननलिकेत, धूळ जाते श्वासनलिकेत. खा, आवडत असेल तर. मधुमेह असेल तर तेही नको. वाफ घेतल्याने घशाला आराम मिळतो पण फुफ्फुसात गेलेले कण त्याने बाहेर येत नाहीत.

पंपाची सवय लागते म्हणून आम्ही मुलाला गोळ्याच देतो, बरोबर ना?

नाही, आणि हे मी हात जोडून सांगते कारण आम्हीही पहिलं वर्ष हीच चूक केली. इनहेलरमधलं औषध अगदी कमी मात्रेत थेट फुफ्फुसात जातं, गोळी सगळ्या शरीरात फिरते. सवय लागत नाही. रोज घ्यायचा प्रिव्हेंटर वेगळा आणि धाप लागल्यावरचा रिलीव्हर वेगळा, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, लहान मुलांना स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावूनच द्या. बरं वाटलं म्हणून थंडीच्या तोंडावर प्रिव्हेंटर स्वतःच बंद करू नका. मूल बोलताना वाक्य पूर्ण करू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल.

आम्ही रस्त्यावरच काम करतो (रिक्षा, वडापावची गाडी, ट्रॅफिक वॉर्डन). आमचं काय?

हा प्रश्न मला एका नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी विचारला होता आणि खरं सांगते, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नव्हतं. मे महिन्यात दिवसभर एन९५ लावून कोणी धंदा करू शकत नाही. जे जमतं ते असं: गाडी सिग्नलच्या स्टॉप लाइनपासून शक्य तितकी लांब लावा, थांबलेल्या गाड्या निघतात तेव्हाच सगळ्यात जास्त धूर सुटतो. फ्लायओव्हरच्या खाली सावली असते पण धूर तिथेच कोंडतो. वॉर्डन आणि पोलिसांच्या ड्युट्या मोठ्या नाक्यावरून आतल्या नाक्यावर आलटून पालटून द्याव्यात, वर्षातून एकदा फुफ्फुसांची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री करावी, ही मागणी आपण सगळ्यांनी त्यांच्या वतीने करायला हवी, ते स्वतः ड्युटीवरून करू शकत नाहीत. रिक्षावाल्या दादांनी सिगरेट-बिडी सोडली तर दोन धुरांपैकी एक तरी कमी होतो.

पीयूसी आहे म्हणजे माझी गाडी प्रदूषण करत नाही, हो ना?

पीयूसी म्हणजे किमान पास. पेट्रोल-सीएनजी गाडीत मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलमध्ये धुराचा काळेपणा. पीएम २.५ किंवा नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजतच नाहीत. तरी पीयूसी हवंच: नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, बीएस-४ आणि बीएस-६ (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी निकष) गाड्यांना नंतर दरवर्षी, त्याहून जुन्यांना दर सहा महिन्यांनी. नसेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. गाडी न नेता, फोटोवर मिळालेलं पीयूसी घेऊ नका, तो धूर तुमच्याच मुलांच्या शाळेसमोर सुटतो.

बीएस-६ डिझेल आहे, डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतो. मेकॅनिक म्हणतो काढून टाकू.

अजिबात काढू नका. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, इंधनातलं गंधक ५० पीपीएम वरून १० वर आलं, त्यामुळेच हा फिल्टर चालू शकतो. तो काजळी धरून ठेवतो आणि इंजिन चांगलं तापलं की जाळून टाकतो. आपल्या बंपर-टू-बंपरमध्ये ते तापतच नाही म्हणून दिवा लागतो. आठवड्यातून एकदा पाम बीच रोडवर किंवा हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवा, बहुतेक वेळा सुटतो. फिल्टर काढलेली गाडी म्हणजे पुन्हा जुनं डिझेल. ट्रकवाल्यांना हेच नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला टाकतात त्या युरियाच्या द्रावणाबद्दल: ते वाचवायला सेन्सरला फसवणारी वस्तू बसवली की नायट्रोजन ऑक्साइड मोकाट सुटतो. शहरातल्या शहरात रोज पाच किलोमीटर फिरणार असाल तर डिझेल गाडी मुळात घेऊच नका.

माझी डिझेल कार ११ वर्षांची आहे, दिल्लीसारखी बंद होणार का?

१० वर्षं डिझेल आणि १५ वर्षं पेट्रोल हा नियम दिल्ली-एनसीआरपुरता कोर्टांच्या आदेशांमधून आला, ठाणे-नवी मुंबईला तो लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीला १५ वर्षांनी नूतनीकरण, फिटनेस आणि ग्रीन टॅक्स.

सगळ्यांनी इलेक्ट्रिक घेतली की प्रश्न मिटला?

धूर मिटेल, धूळ नाही (पहिला प्रश्न बघा). ट्रॅफिकही तेवढंच राहील. माझं मत असं की चारचाकीपेक्षा आधी बस, डिलिव्हरीच्या दुचाकी, कचऱ्याच्या गाड्या आणि छोटे टेम्पो इलेक्ट्रिक व्हावेत, ते दिवसभर वस्त्यांमध्ये फिरतात. नवी मुंबईच्या एनएमएमटी आणि ठाण्याच्या टीएमटीच्या इलेक्ट्रिक बसमध्ये बसून बघा, आणि बस वेळेवर येत नसेल तर त्याचीही तक्रार करा, कारण बसची वाट बघून कंटाळलेला माणूसच बाइक घेतो.

नवा फ्लायओव्हर, बोगदा, कोस्टल रोड झाला की हवा सुधारेल ना?

सुरुवातीला हो, कोंडी सुटली की गाड्या कमी वेळ धूर सोडतात. पण रस्ता मोकळा दिसला की नव्या गाड्या येतात आणि काही वर्षांत पहिले पाढे पंचावन्न. घोडबंदर रोडवर एवढे फ्लायओव्हर झाले, विचारा कोणालाही. ट्रेन, मेट्रो, बस यांनी माणसं हलली आणि अवजड वाहनांना वस्तीबाहेरची वाट मिळाली तरच टिकाऊ फरक. आणि काम चालू असतानाची धूळ हा काही 'विकासासाठी सहन करा' म्हणायचा विषय नाही, पत्रे लावणं, पाणी मारणं, डंपरवर ताडपत्री, बाहेर पडताना चाकं धुणं हे कंत्राटदाराचं काम आहे.

सोसायटीने कडेला झाडं लावली तर?

लावा, पण कशी ते बघून. रस्ता आणि भिंत यांच्यामध्ये खालपासून दाट पानांची झुडपं, सलग, दीड-दोन माणूस उंच, अशी असतील तर थोडा धूर अडतो. नुसती उंच खोडं असतील तर खालून सरळ येतो. आणि दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद गल्लीत वर घट्ट छत्री झाली तर धूर उलटा कोंडतो. म्हणून असलेली झाडं तोडायची असं मात्र कोणी म्हणू नका, सावली आणि गारव्यासाठी ती हवीतच.

शाळेसाठी काही करता येईल का?

सगळ्यात लवकर यश इथेच येतं. आमच्याजवळच्या एका शाळेबाहेर सुटायच्या वेळी पंधरा-वीस व्हॅन आणि गाड्या एसीसाठी इंजिन चालू ठेवून उभ्या असायच्या. आम्ही चार आया आठवडाभर रोज जाऊन प्रत्येक काचेवर टकटक करून "दादा, बंद करता का" एवढंच म्हणालो, भांडलो नाही. आता बहुतेक जण स्वतःच बंद करतात. शाळेला सांगा की छोट्यांचे वर्ग मैदानाच्या बाजूला घ्या, रस्त्याकडच्या खोल्यांत लायब्ररी, ऑफिस ठेवा, आणि थंडीत पीटीचा तास पहिला न ठेवता उशिराचा ठेवा. यातल्या कशालाही फार पैसे लागत नाहीत.

तक्रार कुठे करायची? आम्ही केली होती, काहीच झालं नाही.

"इथे फार प्रदूषण आहे" अशी तक्रार करू नका, ती कुठेही ढकलता येते. एक जागा, एक वेळ, एक गोष्ट. "अमुक सर्व्हिस रोडवर रोज रात्री १० ते १२ डंपर ताडपत्री न टाकता जातात", सोबत तारीख-वेळ असलेले फोटो, नंबर प्लेट दिसणारे. उघडा डंपर, माती, झाडलोट आणि कचरा जाळणं महापालिकेच्या प्रभाग समितीकडे, वेळेबाहेर अवजड वाहन वाहतूक पोलिसांकडे, धूर सोडणारी गाडी आरटीओकडे, कारखाना किंवा आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. रस्ता कोणाचा हे कळत नसेल तर एकच पत्र सगळ्यांना प्रत देऊन पाठवा आणि पोच घ्या.

उत्तर आलं नाही की माहिती अधिकार. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. विचारायचं काय, तर ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत, हा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्यासाठी निधी येतो. तर विचारा: या निधीतून आमच्या प्रभागात काय झालं, यांत्रिक झाडू आमच्या रस्त्यावर मागच्या तीन महिन्यांत कोणकोणत्या तारखांना फिरला, त्याच्या लॉगबुकची प्रत द्या. आमच्या बाजूला हे लॉगबुक मागितल्यावर पंधरा दिवसांत झाडूची गाडी दिसायला लागली. अर्ज मराठीतच करा, एका पानात बसवा, आणि एकट्याच्या नावाने नको वाटत असेल तर सोसायटीतल्या किंवा चाळीतल्या पाच जणांनी वेगवेगळे पाच अर्ज टाका.